बाईंना मीठ जरा जास्त लागतं

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, जावेला नाही. शाळेत माझ्याबरोबर शिकवणारी एक मैत्रीण होती, तिला मी सासरच्या भांडणांपासून पोटाच्या तक्रारींपर्यंत सगळं सांगायची — तिलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही समोर दिसत नाही म्हणून असेल. तुमच्या तोंडाकडे बघून सांगायला लागलं असतं, तर आत्तासुद्धा मी चहा टाकायच्या निमित्तानं उठून गेले असते.

आणि गोष्ट तरी केवढी? डबाभर साबुदाण्याची खिचडी. हसलात ना? हसा. मीही बरीच वर्षं हसूनच नेली. खिचडीचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं, असं स्वतःला म्हणायची. पण आता निवृत्त होऊन घरात बसलेली असते, आणि गुरुवार आला की — जाऊ दे. सुरुवातीपासून सांगते. मधेच भरकटले तर सांभाळून घ्या, जन्मभर वर्गात बडबड केलेली बाई आहे मी.

मी ओतूरची. माहेर तिथलं, सासरही तिथलंच. नव्वदच्या दशकात मला खोडदच्या बाजूची एक शाळा मिळाली. सकाळी ओतूरहून नारायणगाव, तिथून दुसरी एसटी, आणि फाट्यावर उतरून पाटाच्या कडेकडेनं चालत. वर्गाच्या खिडकीतून तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या अँटेना दिसायच्या. गावात सगळे त्यांना 'डिश' म्हणायचे. त्या डिश उभ्या राहिल्या तशी लांबलांबची माणसंही आली. साहेब लोकांची पोरं दुसरीकडे इंग्रजी शाळेत जायची, पण ज्यांचे बाप तिथल्या मोटारी, केबली सांभाळायला होते, त्यांची पोरं आमच्याकडे यायची. त्यातली एक सेल्वी. तमिळ. पहिल्या दिवशी तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, आणि दिवाळीपर्यंत ती अशी भांडायला लागली, की खोडदच्या पोरींनी तिच्याकडून शिकावं.

आणि एक सोमा. तळेघरच्या वरच्या अंगाचा, महादेव कोळ्यांचा पोरगा. चुलता इकडे मजुरीला आलेला, त्याच्याकडे राहून शिकायचा. हुशार, पण अति गप्प. मधल्या सुट्टीत तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. का? तर डब्यात नाचणीची भाकरी. बागायतदारांच्या पोरांनी ती एकदा बघितली आणि 'काळी भाकर, काळी भाकर' करून त्याला हैराण केलं. ते भिंतीकडे केलेलं तोंड मला बघवेना हो. मी पोरांना ओरडले, एकदोघांचे कान पिळले. त्यानं काय होतंय? कान लाल झाले, सोमाचं तोंड भिंतीकडेच राहिलं.

मग मी बुधवारचा डबा सुरू केला. बुधवारी सगळ्यांनी गोल बसायचं, सगळे डबे मध्ये ठेवायचे. एकेकानं आपला डबा उघडायचा आणि सांगायचं — हे काय आहे, कुणी केलं, कशापासून केलं. मग सगळ्यांनी त्यातला घास खायचा. आणि नियम असा, की प्रत्येक डब्यातला पहिला घास बाईंचा. हा नियम मीच केला होता, लक्षात ठेवा. बाईंनी खाल्लं की पोरांना त्यात नावं ठेवायला जागा उरत नाही. मी सोमाची भाकरी तोडली, ठेच्याशी खाल्ली, आणि वर म्हणाले, "अजून दे रे." तुम्ही सोमाचं तोंड बघायला हवं होतं. डोंगरात उतारावर नाचणी कशी लावतात, पावसात डोक्यावर पानांची इरली घेऊन बायका कशा वाकलेल्या असतात, सगळं सांगत सुटला तो. महिन्याभरात त्याच्या भाकरीसाठी मारामाऱ्या व्हायला लागल्या.

काय काय शिकली पोरं त्या गोलात! संक्रांतीला आमच्या पोरी तिळगूळ घेऊन आल्या, तर सेल्वी गुळाचा भात घेऊन आली आणि म्हणाली, आमचाही आज सण. दोन्ही सण एका दिवशी कसे, म्हणून वर्गात नुसता गोंधळ. शेवटी सूर्य सगळ्यांचा एकच आहे, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. मी फळ्याकडे वळलेसुद्धा नव्हते. भूगोलाच्या धड्यात ते मी कितीही घोकून घेतलं असतं, तरी तसं डोक्यात गेलं नसतं.

पुढच्या जूनमध्ये पाचवीला नसीम आली.

आधीच सांगून ठेवते — माझ्या सगळ्या नोकरीत माझी सर्वात लाडकी पोरगी नसीम. पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, ही बाई पोरीचा राग करत असेल. नाही हो. लाल रिबिनींच्या दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, आणि तोंडाला जरा म्हणून विसावा नाही. तिचे वडील रज्जाकभाई पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. जुन्नरहून येऊन गावात नवीनच राहिलेले. नसीमच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे, ते मी रोज हातानं काढायची. माझ्या हाताला तिच्या केसांचं काही वावडं नव्हतं. मग काय होतं?

पहिल्या बुधवारी तिनं डबा उघडला. साधी चपाती आणि बटाट्याची भाजी. "बाई, पयला घास तुमचा," म्हणाली. तिला पोरांनी नियम आधीच सांगून ठेवला होता. आणि मी — मी म्हणाले, आज माझं पोट बरोबर नाही.

पुढच्या बुधवारीसुद्धा पोट बरोबर नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मी मुख्याध्यापकांना सांगितलं, की बुधवारी मला तालुक्याच्या कामानं घाई होते, डबा गुरुवारी करू. ते बिचारे हो म्हणाले. आणि गोलात बसल्यावर मी पोरांना सांगितलं, "गुरुवारी माझा उपवास असतो रे, आता पहिला घास वर्गाच्या मॉनिटरचा."

मी जन्मात गुरुवार धरला नव्हता. समजलं ना तुम्हाला, मी काय केलं ते? आपल्याकडे उपवास म्हटलं की पुढे कुणी बोलत नाही. कुणी रागवत नाही, उलट मानानं बघतात. एका पोरीच्या डब्यातला घास टाळायचा, म्हणून मी देवाला मध्ये घातलं. आणि त्या पायी सोमाची भाकरी गेली, सेल्वीचा चिंचेचा भात गेला, सगळ्यांचाच घास गेला.

आता तुम्ही म्हणाल, शाकाहारी असेल बाई, भांड्याचा विटाळ वाटत असेल. कसलं काय! आमच्या घरी रविवारी मटणाचा रस्सा मीच करायची, आणि बरा करायची. सासूबाईंवर ढकलू? त्या तर ईदला शेजारच्या मुसलमानांकडून शिरखुर्मा आला की दोन वाट्या हाणायच्या आणि तिसरी झाकून ठेवायच्या. मी त्या दिवशी म्हणायची, मला गोड नको. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मला नको वाटायचं — त्यांच्या हातचं. बस्स. एवढंच. कुठून आलं, कुणी शिकवलं, मी खूप शोधलं. सापडलं असतं तरी काय केलं असतं? त्याच्या नावावर खपवलं असतं.

आणि एकदा खोटं बोलायचं म्हटलं की निभवावं लागतं. गुरुवारी शाळेत खरंच उपाशी राहायची. घरी ही बातमी सासूबाईंना कळली. सूनबाईंनी गुरुवार धरला म्हणून त्या गल्लीभर कौतुक सांगत फिरल्या. कर्म माझं! संध्याकाळी मला रताळ्याचा कीस करून घालायच्या, आणि मी मान खाली घालून खायची.

हे इथवरच राहिलं असतं, तर मी आज तुम्हाला सांगत बसले नसते. पण नसीमला ते बघवेना. मला सोमाचं भिंतीकडचं तोंड बघवलं नव्हतं ना, तसंच तिला गोलात उपाशी बसलेली मी बघवेना. तिनं घरी सांगितलं, की बाई गुरुवारी काहीच खात नाहीत. तिची अम्मी, जैबूनभाभी, शेजारच्या ताराकाकूंकडे गेली आणि विचारून आली — उपवासाला काय चालतं, काय नाही, कसं करायचं. ताराकाकूंनी सगळं सांगितलं. हळद नाही, मोहरी नाही, शेंगदाण्याचा कूट, जिरं, तूप. आंघोळ करून करायचं. आणि करताना चाखून बघायचं नाही, चाखलं की उष्टं झालं. भाभीनं ते सगळं पाळलं. नवी कढई घेतली. आणि नारायणगावच्या भांड्याच्या दुकानातून कडीचा छोटा स्टीलचा डबा आणला. त्यावर नाव घालून. दुकानदारानं विचारलं, कोणतं नाव घालू? ती म्हणाली, 'बाई' घाला.

कळतंय का तुम्हाला? तिला माहीत होतं. लोकांना आपल्या भांड्याचं काय वाटतं, ते तिला पुरतं माहीत होतं. म्हणून ती नवीन भांडं घेऊन आली. तिनं तोंडातून कधी तसं काही काढलं नाही, नुसता रस्ता सोपा करून दिला. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

नसीमनं तो डबा माझ्यापुढे ठेवला, झाकण काढलं. पांढरीशुभ्र, मोकळी खिचडी, वर तूप. सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. मी म्हणाले, "अगं बाळा, माझा उपवास निरंकार असतो. पाणीसुद्धा संध्याकाळी."

वाटलं, पोरगी हिरमुसेल. तर तिचे डोळे चमकले. "म्हंजे आमच्या रोज्यावानी, बाई?" म्हणाले, हो, तसाच. तिनं सगळ्या वर्गाला सांगितलं, बाई रोजा धरतात. मग मलाच समजावलं, "मंग सांजच्याला सोडताना खा बाई. आमी तसंच करतो." आणि डबा माझ्या पिशवीत ठेवला.

संध्याकाळी मी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. पाटाच्या कडेला चिंच होती, तिच्याखाली एक पांढरा कुत्रा झोपलेला असायचा. इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मी डबा त्याच्यापुढे पालथा केला. त्यानं सगळी खिचडी खाल्ली, मातीला लागलेलं तूपसुद्धा चाटलं. मी पाटात डबा घासून धुतला. आता कुणी म्हणेल, अन्न मुक्या जनावराच्या पोटात गेलं, वाया तर नाही गेलं. असलं काही मला सांगू नका, मी ते स्वतःला भरपूर सांगितलंय.

आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. मीही दिला नाही. घरी शेंगदाण्याचे लाडू होते, दोन त्यात घातले आणि शुक्रवारी नसीमकडे दिला. सोमवारी ती धावतच आली. "बाई, अम्मी म्हनली, बाईंचे लाडू लई भारी! भावानं तर डबा चाटला." म्हणजे बघा. त्यांनी माझं खाल्लं.

तेव्हापासून दर गुरुवारी खिचडी आणि दर शुक्रवारी माझ्याकडून काहीतरी — कधी चिवडा, कधी गुळाची पोळी, पेरूच्या दिवसांत पेरू. पाचवी, सहावी, सातवी. त्या कुत्र्याला गुरुवार कळायला लागला होता, इतर दिवशी तो माझ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. रमजान आला तेव्हा मी म्हणाले, नसीम, आता अम्मीला उपवासात त्रास नको, महिनाभर राहू दे. पण डबा आलाच. विचार करा. भाभी स्वतः पहाटेपासून उपाशी, थुंकीसुद्धा गिळत नसेल, आणि माझ्या खोट्या उपवासाची खिचडी परततेय.

चाखायची नाही म्हटल्यावर मीठ अंदाजानं पडायचं. म्हणून दर शुक्रवारी नसीमचा एक प्रश्न ठरलेला. "अम्मीनं इचारलंय, मीठ बराबर व्हतं का?" मी म्हणायची, अगदी बरोबर. दर वेळी बरोबर, बरोबर. मग एकदा मलाच वाटलं, दर वेळी बरोबर कसं असेल? खरं वाटायला पाहिजे ना. खाणारं माणूस कधीतरी खोड काढतंच. म्हणून एका शुक्रवारी मी म्हणाले, "या वेळी किंचित कमी होतं गं. मला जरा जास्त लागतं."

न चाखलेल्या खिचडीत मी मीठ कमी काढलं. कधी कधी वाटतं, कुत्र्याला घातली त्यापेक्षा हे वाईट.

मधल्या काळात माझं नाव झालं होतं. तालुक्याचे साहेब शाळा बघायला आले, गोलात बसून जेवले, खूश झाले. नसीमच्या डब्यातलंही खाल्लं त्यांनी, सहज, बोलता बोलता. मग मला दुसऱ्या शाळांत बोलवायला लागले, गुरुजींपुढे बोलायला. जुन्नरला गेले, घोडेगावला गेले. मी सांगायची, वेगवेगळ्या घरची पोरं नुसती एका बाकावर बसवून उपयोग नाही, ती एकमेकांच्या घरात पोचली पाहिजेत, आणि घरात जायचा रस्ता डब्यातून जातो. आणि शेवटी म्हणायची, मुलांना सांगू नका, त्यांच्यासमोर करा. टाळ्या पडायच्या. ते सगळं खरं होतं हो. आजही मला त्यातला एक शब्द बदलावासा वाटत नाही. बोलणारी तेवढी खोटी होती.

सातवीचा निकाल लागला आणि रज्जाकभाईंनी ठरवलं, नसीमला आता जुन्नरला तिच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे पाठवायचं, शिवण शिकायला. आठवीला नारायणगावला जावं लागणार, एसटीनं, एकटीनं, परक्या लोकांत. त्या वर्षांत पेपरात दंग्यांचं भलभलतं छापून यायचं, त्यांना धास्ती वाटत होती. मला त्यांचं चुकीचं वाटलं नाही. पण पोरगी हुशार होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मी त्यांच्या घरी गेले.

एकच खोली, कोपऱ्यात पिंजायची धनुकली टांगलेली, सगळीकडे कापूस. मला त्यांनी नवीन भरलेल्या गादीवर बसवलं. भाभीनं पाणी आणलं. मी पेला ओठांना लावला — लावला फक्त. चहाला म्हणाले, सोडलाय. रज्जाकभाई मान खाली घालून बोलत होते, लई चांगलं माणूस, आवाज कधी वर जायचा नाही. त्यांचं एकच म्हणणं, बाई, तिथं आपलं कोण हाये? मी हुशारीचं बोलले, नोकरीचं बोलले, काही उपयोग होईना.

तेव्हा जैबूनभाभी दाराशी उभी होती, ती पुढे आली. नवऱ्याला म्हणाली, "आवं, बाई तीन वर्सं आपल्या हातचं खातात. उपास आपल्या खिचडीवर सोडतात. जिथं अशी मानसं हायेत, तिथं पोर परकी कशी व्हईल?" आणि माझ्याकडे वळून, "सांगा ना बाई तुमी."

ती सगळी वाट बघत होती. नसीम भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती, तोंडात वेणीचं टोक धरून. पोरीचं शिक्षण माझ्या एका शब्दावर आलं होतं, आणि तो शब्द खोटा होता. मी म्हणाले, "खरं आहे रज्जाकभाई." मांडीवरचा कापूस झटकत ते म्हणाले, "मंग जाऊ द्या तिला."

नसीम आठवीला गेली. मग दहावी, बारावी, डीएड. ती आठवीत गेली त्याच वर्षी माझी बदली आंबेगावात झाली, खिचडी थांबली. देव्हाऱ्यापुढे उभी राहून मी गुरुवार सोडला, आणि आमच्या सासूबाई हळहळल्या. नसीमला मास्तरणीची नोकरी लागली ती कुठे? तळेघरच्या वर, डोंगरात. सोमाच्या मुलखात. एसटी दिवसाला एखादी, नाहीतर चाल. मला फोनवर म्हणाली, "बाई, सोमानं सांगितलं व्हतं तस्संच आहे इथं. बायका इरली घेऊनच नाचणी लावतात." तिच्या आवाजात एवढा आनंद होता, की मला हसू आणि रडू एकदमच आलं.

मग जैबूनभाभी गेली. थोड्या दिवसांच्या आजारानं. मी मातीला गेले होते. तिला एकदा सांगायचं होतं, पण राहून गेलं — असं लिहायला बरं वाटतं. खरं हे, की मला सांगायचं नव्हतंच.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नसीम ओतूरला माझ्या घरी आली. गुरुवार बघून आली होती. वेणी एकच, चष्मा लागलेला, दात तसाच अर्धा. पिशवीतून तिनं डबा काढला. तोच. कडीचा, 'बाई' नाव घातलेला. कडेला थोडा चेपलेला. झाकण काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाई, आता तरी निरंकार नाय ना?"

मी नाही म्हणाले. चमचा आणला आणि खाल्ली. आयुष्यात पहिल्यांदा. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अम्मीसारखीच झालीय का, बाई?"

मी घास गिळला. ती सांगत होती, "मी पाठ केलंय सगळं. साबुदाणा किती भिजवायचा, कूट किती. पण चव माहीत नाही ना. आमाला कुणाला तिनं एक दाणा कधी चाखू दिला नाय. भाऊ एकदा हात घालायला गेला तर मारलं त्याला. म्हणायची, बाईंचं हाये ते. तिनं सोताबी कधी खाल्ली नाय. आता अम्मीच्या हातची ती खिचडी कशी लागायची, हे दुनियेत फक्त तुमालाच माहीत." चष्मा काढून तिनं ओढणीनं पुसला. "मीठ मुद्दाम वाढवलंय थोडं. अम्मी सांगायची, बाईंना मीठ जरा जास्त लागतं."

खिचडी खारट होती. चांगलीच खारट होती.

सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघीच होतो, दुपार होती, घाई कुणालाच नव्हती. ती माझी नसीम होती, कदाचित तिनं ऐकून घेतलं असतं. मी म्हणाले, "तीच चव आहे गं. अगदी तीच."

ती लहानपणी रडायची तशी रडली, आवाज करून. मी तिला जवळ घेतलं. मग उरलेली सगळी खिचडी मी खाल्ली, एक दाणा ठेवला नाही. डबा धुतला आणि त्यात शेंगदाण्याचे लाडू भरून दिला.

नसीमनं तिच्या शाळेत डब्याचा गोल सुरू केलाय. दिवस गुरुवारच ठेवलाय, माझ्यासाठी. डोंगरातली पोरं नाचणी आणतात, कुणी वरईचा भात आणतं, दुकानदाराची पोरगी ढोकळा आणते, आणि प्रत्येक डब्यातला पहिला घास नसीमबाई खातात. खरोखर खातात. त्या स्वतः खिचडी घेऊन जातात, तेवढ्याच मिठाची. पोरं तोंड वाकडं करतात, म्हणतात, बाई, खारट झालीय. आणि ती त्यांना सांगते — नाही रे, माझ्या अम्मीच्या हातची चव अशीच होती, हवं तर ओतूरच्या आमच्या बाईंना विचारा.